वर्गात तंत्रज्ञान आणि कल्पकता: मुंबईतल्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

शिक्षण परिषदेत, स्टाफरूममध्ये आणि पालकसभा संपल्यावर जिन्यात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न मराठी माध्यमाच्या, दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांमधले आहेत. उत्तरं रोज वर्गात उभं राहणाऱ्या माणसाची आहेत, त्यामुळे त्यांत मतं डोकावतील. ती पटलीच पाहिजेत असं नाही. सगळं पान वाचायचीही गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

वर्गात ना स्मार्ट बोर्ड, ना प्रोजेक्टर. माझ्या एकट्या मोबाईलवर काय होणार?

बरंच काही होतं, आणि कधी कधी स्मार्ट बोर्डापेक्षा बरं होतं. साठ मुलांना एक फोन दाखवत फिरायचा विचार मात्र सोडून द्या. फोन दाखवण्यासाठी न वापरता टिपण्यासाठी वापरा.

सर्वांत सोपी गोष्ट आवाजाची. तिसरीतलं एखादं मूल उतारा वाचतं, तुम्ही तो रेकॉर्ड करता आणि लगेच त्यालाच ऐकवता. 'इथे थांबायला हवं होतं' हे ते स्वतःच सांगतं. आपण शंभरदा सांगून जे होत नाही, ते स्वतःचा आवाज ऐकून होतं. महिन्याभराने तेच मूल, तोच उतारा पुन्हा रेकॉर्ड करा आणि पालकसभेत दोन्ही ऐकवा. प्रगतिपुस्तकातला शेरा कोणी वाचत नाही, हे मात्र सगळे ऐकतात.

दुसरी गोष्ट उत्तरपत्त्यांची. 'प्लिकर्स' नावाचं ॲप आहे. त्यात मुलांकडे फोन लागत नाही, फक्त कागदाचं एक कार्ड लागतं. कार्डावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरात चार पर्याय. तुम्ही प्रश्न फळ्यावर लिहिता, मूल आपल्याला वाटणारा पर्याय वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतं आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवता. कोणी काय उत्तर दिलं ते क्षणात नावानिशी दिसतं. अक्षरं बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून हात वर करण्याची सोय राहत नाही, आणि आकृती प्रत्येक कार्डाची वेगळी असते. एक सूचना: कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. जाड कार्डशीटवर झेरॉक्स पुरते. मोफत खात्यात प्रश्नांवर मर्यादा आहे, पण तासाला तीन-चार प्रश्न विचारायला ती आड येत नाही.

आणि स्लो मोशन. मैदानावर चेंडू टाकून त्याची प्रत्येक उसळी किती उंच जाते हे भिंतीवर खडूने खुणा करून टिपा. डोळ्याने जमत नाही, व्हिडिओ थांबवत थांबवत जमतं.

कल्पकता म्हणजे चित्रकला आणि हस्तकलाच ना? ते तास तर आहेतच.

नाही. रंगवायला दिलेलं छापील फुलपाखरू साठ मुलांनी सारखंच रंगवलं तर त्यात कल्पकता कोणाची? छापणाऱ्याची. उलट वेळापत्रक वाचून 'अंधेरीहून दादरला दहा वाजता पोहोचायचं तर कोणती गाडी धरावी, आणि ती चुकली तर काय?' हे मुलाने स्वतः ठरवलं तर गणिताच्या तासालाही कल्पकता आली. माझी कसोटी एकच आहे: या कामात मुलाने स्वतः कोणता निर्णय घेतला? उत्तर 'एकही नाही' असेल तर साधन कितीही महागडं असो, तो वेळ शिकवण्यात गेला असं मी धरत नाही.

या गोष्टी आपल्याकडे नव्या नाहीत. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ नंतर अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीची आयात साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पानं, दगड यांवर मोजणी आणि वर्गीकरण शिकवलं. आज 'कमी खर्चातली शैक्षणिक साधनं' म्हणून आपण प्रशिक्षणात जे ऐकतो, ते इथून डहाणू लोकलच्या अंतरावर केव्हाच होऊन गेलं आहे.

स्मार्ट बोर्ड आहे. पण मी त्यावर फक्त व्हिडिओ लावते. चालेल का?

चालेल, व्हिडिओ मध्ये थांबवत असाल तर. दहा मिनिटांचा व्हिडिओ सलग लावला की मागची दोन बाकं झोपतात आणि पुढची चार माना डोलावतात. त्यापेक्षा चारच मिनिटांचा तुकडा घ्या. ज्वालामुखीचा उद्रेक व्हायच्या आधी थांबवा, 'आता काय होईल?' वहीत एका ओळीत लिहायला लावा, मग पुढे चालवा. किंवा आवाज बंद करून व्हिडिओ दाखवा आणि निवेदन गटागटाला लिहायला सांगा. आठवीच्या मुलांना क्रिकेटची कॉमेंटरी येते, पचनसंस्थेचीही येते. एकाच व्हिडिओवर सहा गटांची सहा निवेदनं ऐकली की कोणाला काय समजलं आणि कोण नुसतं शब्द फेकतंय हे लगेच कळतं.

तंत्रज्ञान कधी वापरूच नये?

जे खिडकीतून दिसतं ते पडद्यावर दाखवू नये. पिंपळाचं पान, पावसाचं पाणी, फेरीवाल्याचा तराजू ही त्यातली.

याची दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या आकाशात रात्री जे दिसत नाही ते मात्र पडद्यावर जरूर दाखवावं. इथल्या उजेडात आणि धुरकटात आकाशगंगा दिसणं सोडाच, सप्तर्षी शोधतानाही मान दुखते. 'स्टेलेरियम' हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकलं की कुठल्याही तारखेचं, कुठल्याही गावचं आकाश समोर येतं. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली दिसेनाशी होते तो दिवस, दाखवायलाही ते कामाचं आहे. मुंबईत तो मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी येतो: पहिल्याच्या वेळी शाळेला सुट्टी, दुसऱ्याच्या वेळी आकाशात ढग!

गणितात नक्की काय उपयोग?

आकृती हलते, हा उपयोग. फळ्यावरचा त्रिकोण एकदा काढला की काढला. 'जिओजेब्रा' या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की तीनही कोन बदलत राहतात आणि बेरीज मात्र १८० अंशांवर ठाण मांडून बसते. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन माणसाने २००१ च्या सुमारास हे बनवायला घेतलं, शिक्षकांना ते मोफत मिळतं, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. दहावीची समरूपता, वर्तुळाची स्पर्शिका, नववीचे रेषीय आलेख या ठिकाणी ते खडूच्या दहा पावलं पुढे आहे.

पण क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्येकाने कागदाचा त्रिकोण कापून त्याचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर जुळवावेत. मग पडद्यावरचा त्रिकोण. उलटं केलं तर मुलांना ती जादू वाटते, आणि जादूचं कारण कोणी विचारत नाही.

पाढे पाठ करायला ॲपची गरज नाही. पाढे म्हणावेच लागतात.

विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट. काय करू?

कपाटाची चावी मागा, हे पहिलं. गंमत नाही, अनेक शाळांत साहित्य असतं, फुटलं तर भरपाई कोण करणार या धास्तीने ते कोणी काढत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून फुटतुटीची नोंदवही सुरू केली की अर्धी भीती जाते.

साहित्य नसेलच तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी कशी करायची ते मोफत मिळतं, मराठीतही बरंच आहे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्रिकोण, चौकोन, मग त्यांच्या त्रिमितीय आकृत्या. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. मग मुलांना दादरच्या रेल्वे पुलाचे त्रिकोण आपोआप दिसायला लागतात.

पडद्यावरच्या प्रयोगांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा संग्रह आहे. नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. तिथले अनेक प्रयोग मराठीतही आहेत. तो कशाला वापरावा? जे हाताने करता येतच नाही त्याला: तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन, वायूचे धावणारे रेणू, गुरुत्वाकर्षण बंद केलं तर पृथ्वी कुठे जाईल. सेल, बल्ब आणि वायर यांचं साधं सर्किट मात्र आधी हातानेच जोडू द्या. बल्ब लागत नाही, मग वायरचं टोक खरवडायचं राहिलं होतं हे सापडतं. ते दहा मिनिटांचं वैतागणं पडद्यावर मिळत नाही.

एखादा असा उपक्रम सांगा ज्यात दोन्ही आहे, आणि जो आमच्या शाळेत होईल.

पाऊस मोजा. मुंबईच्या शाळेसाठी याहून सोयीचा विषय मला माहीत नाही: जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात, खर्च जवळपास शून्य, आणि विज्ञान, भूगोल, गणित, मराठी चारही तासांना तो चालतो.

सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. कोल्ड्रिंकच्या कमरेत दबलेल्या बाटल्या चालत नाहीत, कारण उंचीप्रमाणे पाण्याचा हिशोब बदलतो. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून आत बसवा, तो नरसाळ्याचं काम करतो आणि साठलेलं पाणी उडून जात नाही. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून तळाशी खडे टाकून सपाट भागापर्यंत पाणी भरा, तिथे शून्याची खूण करा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली गच्चीवर, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, विटांच्या आधाराने ठेवा. गच्चीची किल्ली शिपाईकाकांकडे असते, त्यांना पहिल्या दिवसापासून उपक्रमात घ्या.

हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा असतो. सकाळच्या अधिवेशनाला हे सहज जमतं. दुपारच्या अधिवेशनाला शाळेजवळ राहणारा एखादा मुलगा नेमावा लागतो. रविवारचं काय, हा प्रश्न मुलंच उपस्थित करतील. ते काय ठरवतात ते बघा. दोन दिवसांचं पाणी भागून निम्मं निम्मं लिहायचं का, हा वाद रंगतो, आणि असं केल्याने आकडे खोटे होतात हे सहावीतली मुलगी ठणकावून सांगते.

रोजचा आकडा वर्गातल्या तक्त्यावर आणि स्प्रेडशीटमध्ये. शेजारच्या रकान्यांत हवामान खात्याचे कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे. तीनही आकडे रोज वेगळे का येतात? इथे २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगावी. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला सुमारे ७४. एकच शहर. मग गणित: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तर दहा बाय दहा फुटांच्या खोलीएवढ्या जागेवर त्या दिवशी किती लिटर पडलं? उत्तर पावणेनऊ हजारांच्या आसपास येतं. ज्यांचं घरच दहा बाय दहाचं आहे ती मुलं उत्तराकडे बघत गप्प होतात, मग घरी जाऊन आईवडिलांना त्या दिवशी तुम्ही कुठे होतात हे विचारतात. तो मराठीच्या तासाचा मुलाखतलेखनाचा विषय झाला. फोनवर रेकॉर्ड करून आणा, लिहून काढा.

पुढे जायचं असेल तर भरतीच्या वेळांचा रकाना जोडा. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असला की पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही आणि हिंदमाता, मिलन सबवे ही पाणी तुंबणारी ठिकाणं बातम्यांत येतात. हवामान खातं ६४.५ मिलिमीटरच्या वर 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' म्हणतं. मुलांनी आपल्या बाटलीवर याच खुणा करून ठेवल्या तर टीव्हीवरची बातमी त्यांना समजते. बाटली तेवढी उंच आहे का, हे आधीच बघा.

मराठीच्या तासाला तंत्रज्ञान कशाला?

ऐकायला आणि ऐकवायला. आजीची ओवी, कोळीवाड्यातलं गाणं, बाबांच्या गावची म्हण हे रेकॉर्ड करून आणायला सांगा. चाळीस घरांचं मिळून एक भांडार होतं, आणि कोकणी, खानदेशी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलांना आपली बोली वर्गात चालते हे पहिल्यांदा कळतं.

दुसरा खेळ बोलून टाइप करण्याचा. फोनला मराठीत उतारा सांगा, तो जे लिहील ते फळ्यावर उतरवा आणि मुलांना तपासू द्या. 'पाणी' सांगावं तर 'पानी' उमटतं, विरामचिन्हं गायब असतात, आणि नावांची तर वाट लागते. स्वतःच्या वहीतली चूक काढताना कंटाळणारं मूल यंत्राची चूक काढायला उड्या मारतं. शुद्धलेखनाचा याहून आनंदी तास मी पाहिलेला नाही.

वाचनासाठी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. परवाना खुला असल्यामुळे त्या छापता येतात, चित्रं ठेवून गोष्ट नव्याने लिहिताही येते. चित्रं तीच, गोष्ट वेगळी, हे काम पाचवीला द्या.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड वापरावेत का?

वापरा, पण आधी घरी उघडून बघा. कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर त्या पाठाशी जोडलेलं साहित्य उघडतं. काही चांगलं आहे, काही म्हणजे पुस्तकच कोणीतरी वाचून दाखवलेलं. पाठ्यपुस्तकात कोड ही कल्पना रुजवण्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे. २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' त्यांना मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. पुस्तकंच हवी असतील तर ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत मिळतात. जुन्या वर्षांची पानं पडद्यावर मोठी करून दाखवायला ती उपयोगी पडतात.

प्रकल्प पालकच करतात. किंवा शाळेबाहेरच्या दुकानातून तयार येतो. काय करावं?

शाळेबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात 'भारतातील किल्ले', 'जलप्रदूषण', 'संतांची माहिती' असे चित्रांचे तक्ते टांगलेले असतात. कापा, चिकटवा, स्केचपेनने किनार काढा, झाला प्रकल्प. आई ऑफिसमधून आल्यावर रात्री अकराला थर्माकोल कापत बसते आणि आपण त्या थर्माकोलला दहापैकी नऊ गुण देतो. यात दोष पालकांचा नाही. आपण विषयच असा देतो की त्याचं उत्तर दुकानात मिळतं.

विषय बदला. 'वाहतुकीची साधने' असं न म्हणता 'आपल्या शाळेच्या फाटकासमोरून सव्वाबारा ते साडेबारा काय काय गेलं?' असं द्या. याचा तक्ता कुठल्याच दुकानात नाही. मुलं गटाने मोजतात, शाळा सुटतानाची रिक्षांची कोंडी आकड्यात येते, आणि ती आलेखात मांडून वाहतूक पोलिसांना पत्र लिहायचं की नाही हे तीच ठरवतात. 'इमारतीतलं पाणी किती वाजता येतं?', 'गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या', 'डब्यात आज काय?' हे सगळे प्रकल्पच.

काम शाळेत करून घ्या, आठवड्याला एक तास. प्रत्येक टप्प्यावर गटाने एक फोटो आणि दोन ओळी जमा करायच्या: आज काय ठरवलं, काय फसलं. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाबरोबर निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम ही साधनं आहेतच, त्यामुळे हे सगळं नोंदवायला नवा कागद लागत नाही. शेवटी तीन मिनिटांची तोंडी परीक्षा घ्या. 'हे असंच का केलं?' याचं उत्तर आईने केलेल्या प्रकल्पाला देता येत नाही.

काही पालक नाराज होतात, कारण प्रदर्शनात मुलाचं काम ओबडधोबड दिसतं. होऊ द्या.

मुलं निबंध एआयकडून लिहून आणतात. बंदी घालू का?

घरी काय होतं त्यावर बंदी चालत नाही. 'माझा आवडता ऋतू' हा विषय दिला तर एआयचाच निबंध येणार, पूर्वी निबंधमालेतला यायचा. त्यामुळे पहिला मसुदा वर्गातच, हाताने, पंधरा मिनिटांत. घरी फक्त सुधारणा.

वयाची अट लक्षात ठेवा. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा आणि १८ खाली पालकांची परवानगी हवी. म्हणजे सातवीपर्यंतच्या बहुतेक मुलांना 'घरी विचारून या' असं आपण सांगूच नये.

मोठ्या वर्गात मात्र एआयला पिंजऱ्यात उभं करा. तुम्ही स्वतः त्याच्याकडून एखाद्या किल्ल्याची किंवा कवितेची माहिती घ्या, छापा, आणि गटांना लाल पेन द्या: यातलं खरं काय ते पुस्तकावरून, मराठी विश्वकोशावरून ताडून दाखवा. कवीच्या नावावर भलत्याच ओळी खपवणं, साल चुकवणं, इंग्रजी वळणाची मराठी लिहिणं, तिन्ही सापडतात.

शिक्षकांनी एआय वापरावा का? एकाच उताऱ्यावर सोपे, मध्यम, अवघड असे प्रश्न काढायला, पाठ टाचणाचा कच्चा आराखडा करायला, केंद्रप्रमुखांना पाठवायच्या अहवालाची भाषा गुळगुळीत करायला जरूर वापरा. शेवटच्या कामासाठी तर तो अवतरलाच आहे असं वाटतं. मुलांची नावं, गुण, घरची परिस्थिती त्यात टाकू नका. आणि प्रश्नपत्रिका तशीच्या तशी देऊ नका, गणितातली उत्तरं स्वतः सोडवून बघा.

घरी एकच फोन, तोही बाबांकडे. मग ऑनलाइन गृहपाठ?

देऊ नका. फोन रात्री नऊनंतर घरी येतो, त्यावर तीन भावंडं, आणि रिचार्ज महिनाअखेरीस संपलेला. फोन लागणारं काम शाळेतच, शाळेच्या साधनावर. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, तेव्हाही ते चार्ज कुठे करायचे आणि बिघडले तर कोणाकडे द्यायचे या प्रश्नांवर घोडं अडत होतं. साधन देणं सोपं, सांभाळणं अवघड.

मुलांनी शाळेत मोबाईल आणावा का?

माझं मत: नाही. लांबून लोकलने येणाऱ्या मोठ्या मुलांना लागतोच, त्यांचा बंद करून कार्यालयात जमा, सुटताना परत.

उपक्रमाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. काही अडचण?

आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा आग्रह आहे. वर्षाच्या सुरुवातीला लेखी संमती घ्या. ज्यांनी नाही म्हटलं त्यांची यादी फोनमध्ये ठेवा आणि त्यांना कारण विचारू नका. कारणं कधी कधी फार गंभीर असतात. हातांचे, वह्यांचे, पाठमोऱ्या गटाचे फोटो काढायची सवय लावली की निम्मा प्रश्न उरतच नाही.

पुस्तकातलं पान किंवा कोणाचा व्हिडिओ वर्गात दाखवला तर कॉपीराइटचं काय?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या वापराला सूट आहे. वर्गाच्या चार भिंतींत पान दाखवणं त्यात बसतं. तेच पान स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर टाकणं ही वेगळी गोष्ट, तिथे परवानगी घ्या.

पट साठ, तास पस्तीस मिनिटांचा. हे सगळं करून अभ्यासक्रम कधी संपवायचा?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर शिक्षकाच्या हातात नाही. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत ३० मुलांमागे आणि आठवीपर्यंत ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. प्रत्यक्षात काही शाळांत पट ओसंडतो, काहींत मुलंच उरलेली नाहीत. वर ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीची कामं करा.

हाताशी आहे तेवढं सांगतो. सगळे पाठ असे शिकवायचे नाहीत. सत्रात विषयाला दोन पाठ निवडा, जिथे मुलं दरवर्षी हमखास अडखळतात ते. जोडून दोन तासिका मागून घ्या. गट सहा-सहाचे आणि प्रत्येकाला काम: दोन मोजणारे, दोन लिहिणारे, एक वेळ बघणारा, एक साहित्य परत आणणारा. काम नसलेलं मूल गोंधळ घालतंच. बाकीचे पाठ खडू-फळ्याने नीट शिकवा, त्यात कमीपणा नाही.

मला संगणकातलं फारसं कळत नाही. मुलं हसतील.

हसू द्या. एचडीएमआयची वायर कुठे लावायची हे आठवीतल्या एखाद्याला ठाऊक असतं, त्याला वर्गाचा तंत्रसाहाय्यक करा. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला निवडलं तर आणखी बरं. स्वतः शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरिअल' मोफत आहेत. साधारण दहा मिनिटांचा एक धडा, बरेचसे मराठीतही. ऐकत ऐकत सोबत करून बघायचे.

रोबोटिक्सची लॅब नसेल तर आपली शाळा मागे पडते का?

नाही. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीच्या शाळेला एकूण २० लाखांपर्यंत अनुदान: १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षांच्या खर्चाला. मिळत असेल तर अर्ज जरूर करा. पण एमआयटीत तयार झालेलं 'स्क्रॅच' हे मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंगचं साधन मोफत आहे आणि ते इंटरनेटशिवायही चालतं. जुन्या संगणकांच्या खोलीत त्यावर मुलं ठोकळे जोडून स्वतःचा खेळ बनवतात. लंगडीचे किंवा कबड्डीचे नियम संगणकाला समजावून सांगायला लावा. 'बाद कधी?' हे नेमक्या शब्दांत सांगताना घाम फुटतो. शाळा विकत आणलेला रोबोट दिलेल्या सूचनांप्रमाणे जोडत असेल, तर ते जोडकाम आहे, एवढंच.

मुंबईत मुलांना कुठे न्यावं?

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे, तिथे हात लावायला बंदी नाही, हीच त्याची थोरवी. वरळीतच नेहरू तारांगण. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, जुन्या मुंबईच्या प्रतिकृतींसाठी. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शिक्षकांसाठी जास्त उपयोगाचं. आठवी ते दहावीचे त्यांचे 'विज्ञान प्रतिभा'चे घटक वर्गात वापरण्यासारखे आहेत. कुठेही जाण्याआधी फोन करून चालू आहे का विचारा, दुरुस्तीसाठी दालनं बंद असतात. आणि 'माहिती लिहून आणा' असं सांगू नका. मुलं पाट्या उतरवत बसतात, वस्तूकडे बघतच नाहीत. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिचं चित्र काढायचं आणि तिला एक प्रश्न विचारायचा.

मुख्याध्यापकांनी साहित्याची यादी मागितली आहे. काय लिहू?

एक प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही, चाकांच्या स्टँडवर, म्हणजे तो एकाच वर्गाच्या मालकीचा होत नाही. त्याला जोडायला साधा लॅपटॉप. छोटा स्पीकर, कारण रेल्वेलगतच्या किंवा रस्त्यालगतच्या वर्गात लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. खिडक्यांना गडद पडदे. पाच-सहा पेनड्राइव्ह, कारण शाळेचं वायफाय ऐन तासाला दगा देतं आणि आदल्या रात्री घरी उतरवून आणलेलंच कामी येतं. काड्या, व्हॉल्व्ह ट्यूब, सेल, बल्ब, पुठ्ठा, कात्र्या यांसाठी दर सत्राला थोडी रोख रक्कम, जिची पावती रिक्षाभाड्यापेक्षा लहान असली तरी चालेल असं आधीच ठरलेलं असावं. देखभालीचा वेगळा रकाना ठेवा आणि साहित्य कोणाच्या ताब्यात राहील त्या शिक्षकाचं नाव लिहा. लांब वायरचा, तीन पिनचा एक्स्टेंशन बोर्ड यादीत सर्वांत वर लिहा. बाकी सगळं आलं आणि तो राहिला, असं फार शाळांत होतं.